करगोट्याखालचा डाग

तुमच्या घरात कुणाला ताप असेल, रक्ताच्या तपासण्या एकामागून एक कोऱ्या येत असतील आणि तो माणूस अलीकडे गवतात, रानात जाऊन आला असेल, तर आधी त्याचे कपडे काढून त्याला नीट बघा. काखेत, जांघेत, मानेमागे, कमरेच्या दोऱ्याखाली. काळी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. मग सवड झाली तर माझं हे पुराण वाचा. मी उलट्या क्रमाने गेलो, म्हणून सांगतोय.

मी डॉक्टर नाही. दादरला एका चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलं. जवळचं दिसत नाही म्हणून लोक माझ्याकडे येतात आणि मी त्यांना ऐटीत सांगतो, "काकी, नंबर वाढलाय तुमचा." माझ्या स्वतःच्या बेंबीच्या बाजूला काय चाललं होतं ते मात्र मला दिसलं नाही. खरं सांगायचं तर बोटाला लागलं होतं. बोटाला लागलेलं डोळ्याने बघायचे कष्ट मी घेतले नाहीत.

गवत

आम्ही लालबागचे, गाव सिंधुदुर्गात. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर गावकऱ्यांची खोली आहे. गिरणीच्या काळात तिथे पाळीपाळीने माणसं झोपायची, आता तिथे ग्रामस्थ मंडळाची मुंबई कमिटी भांडते. मी कमिटीचा चिटणीस. यंदाचं भांडण देवळाभोवती टाइल्स बसवायच्या की नाहीत यावर होतं, आणि ते मिटावं म्हणून देवळामागची जागा देवराईपर्यंत टेप लावून मोजून यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दिवाळीनंतरचे दिवस. गणपतीची रजा घेऊन झालेली, त्यामुळे दुकानाच्या मालकांना, ज्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो, मी फोन केला, "काका, कंबर धरलीय. उठता येत नाही." आणि बॅग घेऊन गाडीत बसलो.

गावात भास्कर होता. माझा चुलतभाऊ, माझ्याच वयाचा. मी मे महिन्यापुरता गावातला, तो बारा महिने. तो मला गंजक्या म्हणायचा. त्याला कारण माझे दात. लहानपणी मला सारखा खोकला व्हायचा, आणि परळचे एक डॉक्टर टेट्रासायक्लीनचं पातळ औषध द्यायचे. पिवळं, कडू, वर नारिंगाचा वास. त्या काळी सर्रास द्यायचे. खोकला गेला, पण पुढे पक्के दात आले ते करड्या-तपकिरी पट्ट्यांचे, जुन्या पत्र्यावर पाणी साचून राहावं तसे. लग्नाच्या फोटोत माझं तोंड बंद आहे ते लाजून नव्हे. भास्करला असलं औषध कधी मिळालं नाही. गावात डॉक्टरच नव्हता. त्याचे दात खोबऱ्यासारखे होते.

मोजणी करता करता दुपार झाली. देवराईच्या कडेला गवत कापून ढीग घातले होते. आम्ही तिथेच सावलीला भाकरी आणि सुका बांगडा खाल्ला. उकडत होतं, म्हणून शर्ट काढले. भास्कर सरळ गवतावर आडवा झाला.

"गंजक्या, तुमच्या खोलयेत पाय पसरूक मेळणा नाय. हय पसर."

"आणि जनावर आलं तर?"

"तेका तुझे दात दाखय. तां पळतला."

एवढं बोलून तो घोरायला लागला. मीही पसरलो. त्याच्या उघड्या कमरेला काळा करगोटा होता. माझ्याही होता, फक्त माझ्यात आईने ओवलेला चांदीचा ताईत होता, बोटाच्या पेराएवढा.

करगोट्याचं इथेच सांगून ठेवतो. आमच्याकडे पुरुषाच्या कमरेचा करगोटा जिवंतपणी तोडत नाहीत. जुना झाला तर आधी नवा बांधायचा, मग जुना सोडवायचा. कंबर क्षणभरही मोकळी ठेवायची नाही. तोडतात तो एकदाच, माणूस गेल्यावर, आंघोळ घालताना. माझ्या वडिलांचा मी तोडला होता, ब्लेडने. वर्षानुवर्षांच्या घामाने तो दोरा इतका कडक झाला होता की तुटताना टक् असा आवाज आला. वडिलांचं सगळं आजारपण मी विसरत चाललोय. तो आवाज विसरलेलो नाही.

नंबर वाढला

मुंबईत परतल्यावर आठवडा-दीड आठवडा बरा गेला. मग डोकं दुखायला लागलं, थेट डोळ्यांच्या मागे. मी अनुभवी माणूस. मी निदान केलं की चष्म्याचा नंबर वाढलाय. दुकानात स्वतःच स्वतःचे डोळे तपासले, नव्या काचा बसवल्या आणि काकांकडून कामगाराची सूटही मागून घेतली. संध्याकाळी नव्या चष्म्यातून मला दोन काका दिसत होते आणि दात वाजत होते.

ताप चढायचा तो हाडं हलवून चढायचा. चाळीतल्या डॉक्टरांनी डेंग्यू बघितला, मलेरिया बघितला, टायफॉइड बघितला. काहीच नाही. प्लेटलेट उतरत चालल्या. माझी बायको स्मिता हिने पपईच्या पानांचा रस पाजला, शेजारच्यांनी दृष्ट काढली. तिखटाच्या गिरणीतून येणाऱ्या मिरचीच्या खाटाने एरवी मला शिंक येत नाही, तेव्हा त्या वासाने ओकारी व्हायची.

त्याच दिवसांत कधीतरी आंघोळ करताना ताईताखाली बोटाला खपली लागली. दुखत नव्हती, खाजत नव्हती. ताईत घासला असेल असं म्हणून मी टॉवेल गुंडाळला. जे दुखत नाही त्याकडे कोण बघतं? इथे सगळं अंग दुखत होतं.

मग एके सकाळी जिना चढताना धाप लागली ती बसेना. टॅक्सीत घालून मला परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ज्या हॉस्पिटलात वडील गेले, तेच. जिना तोच, वास तोच. मी स्मिताला म्हटलं, "दुसरीकडे जाऊया."

ती म्हणाली, "तुमच्या आवडीचं हॉस्पिटल निघालं की जाऊ. आता गप उतरा."

काका उभे होते

आता जे सांगतो ते सांगायला मला तोंड नाही, पण असले अनुभव लिहिणारे लोक स्वतःला फार शहाणे करून लिहितात, म्हणून सांगतो.

स्मिता केसपेपर काढायला गेली होती. माझ्या खाटेपाशी दुकानाचे काका उभे होते. बातमी कळल्याबरोबर दुकान टाकून आले होते बिचारे, हातात मोसंबी. एक तरुण डॉक्टरबाई आल्या, लातूरकडच्या, बोलण्यात तो हेल. त्यांनी मला विचारलं, "काका, मागच्या महिन्यात बाहेरगावी कुठं गेला होता का? शेतात, रानात?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. कंबर धरली म्हणून मी अंथरुणाला खिळून होतो असं त्यांना माहीत होतं.

"छे," मी म्हटलं, "घरीच होतो."

"पडूनच होता हो," काकांनी साक्ष दिली. "कंबरेने उठता येत नव्हतं."

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. अंगावर कुठे डाग, फोड आहे का, असंही त्यांनी विचारलं. माझ्या मते नव्हता. काका गेल्यावर खरं काय ते सांगायचं असं मी ठरवलं होतं, पण काका जायच्या आत ताप पुन्हा चढला, आणि तापात माणूस खोटं बोललेलंही विसरतो. स्मिताला वाटलं, मी सांगितलं असणार. मी चिटणीस ना, सगळं नोंदवून सांगणारा.

उपचार चालू झाले. सलाईन, एक महागडं इंजेक्शन, नाकाला ऑक्सिजन. डॉक्टर मंडळींनी त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर शक्य ते सगळं केलं. मी त्यांना चुकीचा चष्मा घातला होता.

वॉर्ड

हॉस्पिटलात दिवस मोजायचं साधन म्हणजे आवाज. पहाटे फिनेलची बादली सरकते. मग चहाची गाडी, तिच्या एका चाकाला तेल नाही. मग डॉक्टरांचा राउंड, आणि राउंड गेला की सगळे नातेवाईक एकमेकांना विचारतात, "काय म्हणाले?" कुणालाच ऐकू आलेलं नसतं. दुपारी वरणभात येतो, आणि तो खाऊन झाल्यावर वॉर्ड असा गप होतो की सलाईनचे थेंब मोजावेत.

सोनोग्राफीला न्यायचं होतं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, कमरेचं काढा ते."

आजोबा ऐकूनच मी अर्धा गेलो. उरलेल्या अर्ध्याने करगोटा मुठीत धरला. "तो काढत नाहीत."

"कापून देते. नंतर नवा बांधा."

"जिवंत माणसाचा कापत नाहीत," स्मिता म्हणाली. ती एरवी कसलंही मानत नाही. माझ्या उपासांना हसते. पण ते वाक्य तिने असं काही उच्चारलं की सिस्टरांनी हात मागे घेतला. त्यांनी करगोट्यावर ताईतासकट एक पट्टी चिकटवून टाकली, मध्ये मध्ये येऊ नये म्हणून. झालं. डाग आता ताईताखाली आणि ताईत पट्टीखाली, अगदी बंदोबस्तात.

माझी मुलगी मुक्ता रोज संध्याकाळी यायची. ती परळमध्येच एका प्रयोगशाळेत काम करते. उंदरांवर संशोधन. पाच वर्षांत ती नेमकं काय करते हे मी कमिटीत कुणाला समजावून सांगू शकलो नव्हतो. ती यायची, माझा चार्ट वाचायची आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. मुलं खिडकीकडे तोंड करून उभी राहिली की बापाने काय ते समजावं.

आणि एका दुपारी भास्कर आला.

वरणभाताची गाडी नुकतीच गेली होती. खाटेजवळच्या स्टुलावर तो बसला होता, केसांत गवताची काडी, उघड्या अंगाने. मला त्याचं काहीच वाटलं नाही. गावाहून आलेला माणूस सरळ खोलीवर येतो तसा आला असेल.

"गंजक्या, चुनो हा?"

"इथे तंबाखू चालत नाही."

"मग कमरेक ती डबी कसली?" तो हसला. खोबऱ्यासारखे दात. मग हसता हसता थांबून स्वतःच्या पोटाकडे बघत म्हणाला, "माझो तोडल्यानी रे."

मी बघितलं. त्याची कंबर मोकळी होती. तिथे फक्त दोऱ्याचा फिकट वळ होता, काढलेल्या अंगठीचा राहतो तसा. मी ओरडलो असणार, कारण सिस्टर आल्या आणि स्टुलावर ठेवलेली माझी चादर उचलून त्यांनी माझ्या अंगावर घातली.

मी कुणाला काही बोललो नाही. तापात माणसाला वडील दिसतात, ब्लेड दिसतं, टक् ऐकू येतं. एकाचा चेहरा दुसऱ्याला लागतो. मी स्वतःला हे तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो.

आपांची कुजबुज

आपा आमच्या कमिटीतले सर्वांत म्हातारे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आयुष्य काढलं, त्यामुळे कान गेलेले. गिरणीतली माणसं साच्यांच्या आवाजावर आवाज काढून बोलायची, आणि आपांनी गिरणी बंद झाल्याची दखल अजून घेतलेली नाही. ते भेटायच्या वेळेत आले, मला डोळे मिटलेले बघून स्मिताच्या कानाशी लागले आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "भास्कर गेलो गो."

"आपा, हळू," स्मिता म्हणाली. "यांना सांगितलेलं नाही."

म्हणजे तिला माहीत होतं. मी डोळे मिटूनच राहिलो.

"हळूच बोलतंय मी. तेका कळाचा नाय. पण सुतक हा ना, सांगूक तर होया." आपांनी श्वास घेतला. "ह्येच्यासारखोच ताप. तालुक्याक नेल्यानी, पुढे नेऊच्या आधीच संपलो. आंघोळ घालताना झिलान करगोटो कापल्यान, तर खाली ह्यो डाग. काळो. बिडीन भाजल्यासारखो. देवराईतलो देवचार लागलो म्हणतत सगळे."

शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई मोसंबं सोलायची थांबली. चहाची गाडी कुठेतरी लांब करकरत होती.

माझा हात चादरीखालून पट्टीवर गेला. मला भास्करसाठी रडू यायला हवं होतं. ते पुढे आलं, पुष्कळ आलं. त्या क्षणी मात्र मी फक्त घाबरलो होतो. आधी देवचाराला, राईच्या त्या राखणदार भुताला, सरळ सांगतो. साठीला आलेला, दादरच्या दुकानात काचा घासणारा मी माणूस, आणि माझ्या मनात आलं की त्याने आम्हा दोघांना एकाच बिडीने डागलं. आधी त्याला नेलं, आता माझी पाळी.

"स्मिता," मी म्हटलं, "मला पण आहे."

"काय आहे?"

"डाग."

ती डॉक्टरांना बोलवायला धावली. आपा म्हणाले, "जागो होतो काय तू?" आणि पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात म्हणाले, "माका वाटला निजलो असशीत."

बँडेजचा करगोटा

लातूरच्या डॉक्टरबाई आल्या. मागोमाग मुक्ताही आली. पट्टी काढली, पण ताईत खपलीला चिकटून बसला होता आणि दोरा इतका आवळ की वर सरकेना.

"कापावं लागंल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

स्मिताने माझ्या करगोट्यावर हात ठेवला. मुक्ता तिच्याकडे बघत होती. मग स्मिता म्हणाली, "आधी नवा बांधायचा. मग कापा."

"आई, इथे काळा दोरा कुठून आणू?"

हॉस्पिटलात सगळं मिळतं, काळा दोरा मिळत नाही. सिस्टर, ज्यांनी मला आजोबा म्हटलं होतं, त्यांनी ट्रॉलीतून बँडेजचा रोल घेतला, फडकन एक लांब पट्टी फाडली आणि स्मिताच्या हातात दिली. स्मिताने ती माझ्या कमरेभोवती घेतली, दोन गाठी मारल्या. पांढराशुभ्र करगोटा. मुंजीतल्या बटूसारखा मी.

"कोण कापतंय?" डॉक्टरबाईंनी कात्री पुढे केली.

आमच्याकडे मुलगा कापतो. मला मुलगा नाही. मुक्ताने कात्री घेतली. मी छताकडे बघत होतो. ताकद लावावी लागली तिला.

टक्.

मी श्वास धरून होतो. मग लक्षात आलं की धरून ठेवायला श्वास आहे.

खाली हरभऱ्याएवढी काळी खपली, कडेने लालसर कडं. डॉक्टरबाई वाकल्या, बोटाने दाबलं, सरळ झाल्या.

"काका, खरं सांगा आता. गवतात, रानात कुठं गेला होता का?"

मी आधी दुकानाचे काका कुठे आहेत ते बघितलं. नव्हते. "गेलो होतो," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. "हे आदी सांगायचं ना हो," एवढंच म्हणाल्या, आणि ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. आजाराचं नाव स्क्रब टायफस. गवतात डोळ्याला न दिसणारा एक किडा असतो, गोचिडीच्या जातीतला. तो चावतो तिथे असा डाग पडतो, आणि तो चावलेला कुणाला कळतसुद्धा नाही. तपासणीला रक्त गेलं, पण उत्तराची वाट न बघता त्यांनी लगेच एक कॅप्सूल सुरू केली.

मुक्ताने नाव वाचलं, वेष्टन उलटं करून पुन्हा वाचलं.

"काय झालं?"

"डॉक्सिसायक्लीन," ती म्हणाली. "बाबा, हे मी रोज ढवळते."

मग तिने सांगितलं. त्यांच्या उंदरांच्या अंगात एक जीन असं बसवलेलं असतं की ते या औषधाच्या हुकमात राहतं. पिण्याच्या पाण्यात औषध असेपर्यंत ते जीन गप्प. साधं पाणी दिलं की पुन्हा जागं होतं. बटणासारखं. औषध कडू, म्हणून त्यात साखर घालायची. उजेडाने खराब होतं, म्हणून बाटलीला चंदेरी कागद गुंडाळायचा. आमची लेक पाच वर्षं दर थोड्या दिवसांनी हेच सरबत करत होती, आणि बाप तिथून हाकेच्या अंतरावर याच औषधावाचून तापत पडला होता.

"माझ्या डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी ते उंदरांचं पाणी होतं."

"म्हणजे मी आता तुझा उंदीर."

ती हसली नाही. "तिथे ते वेगळं काम करतं, बाबा. इथे ते जंतूंना वाढू देत नाही."

डॉक्टरबाईंनी मला तोंड उघडायला लावलं, कॅप्सूल ठेवताना दात बघितले आणि विचारलं, "लहानपणी टेट्रासायक्लीन घेतलं होतं व्हय? त्याच घराण्यातलं आहे हे." ते औषध कॅल्शियमला चिकटतं म्हणे, म्हणून वाढत्या दातांत जाऊन बसतं. आता त्याच कारणाने दुधाबरोबर घ्यायचं नाही. स्मिताने थर्मासमधलं हळदीचं दूध मुकाट्याने पिशवीत परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला घाम फुटला. उशी, चादर, बँडेजचा करगोटा, सगळं चिंब. मग थंड वाटलं. पंख्याचा वारा वाऱ्यासारखा लागला. एवढे दिवस ज्याने मला पिळलं ते एका पिवळ्या टोपीच्या कॅप्सूलपुढे असं गुमान निघून गेलं की मला त्याचा राग आला. इतकं सोपं होतं तर मग.

मग पुढे काय, ते मी तेव्हा मनातसुद्धा पुरं केलं नाही.

मुक्ताने मंडळाच्या ग्रुपवर डागाचा फोटो टाकला. बेंबीसकट. त्या ग्रुपवर आजवर टाइल्सशिवाय विषय नव्हता. गावात गवत कापायला गेलेल्या एका बाईला ताप होता, तिच्या मानेमागे अंबाड्याखाली डाग सापडला. ती वेळेवर गेली, बरी झाली.

घरी, आणि एक मूर्खपणा

राहिलेल्या कॅप्सूल घेऊन मी घरी आलो. सिस्टरांनी बजावलं होतं की पेलाभर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका. मी पहिल्या दुपारी अंथरुणात पडल्या पडल्या घोटभर पाण्याने गिळली आणि कुशीवर वळलो. थोड्या वेळाने छातीत अशी आग पडली की मला खात्री झाली, हार्ट अटॅक. मी स्मिताला जवळ बोलावलं. आवाज खोल करून म्हटलं, "काही चुकलं असेल तर माफ कर. मुक्ताला जप. कमिटीचं पद आपांच्या भाच्याला देऊ नका."

स्मिताने विचारलं, "गोळी कशी घेतलीत?"

कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून आतून भाजत होती. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं, आठवडाभर मऊ भात खाल्ला. ते शेवटचे शब्द चाळीत अजून बोलले जातात. आपांचा भाचा माझ्याशी बोलत नाही. आणि हो, या कॅप्सूल चालू असताना उन्हात हिंडू नका. मी शिवाजी पार्कला फेऱ्या मारून नाक सोलवटून घेतलं, ते तुम्हालाही जमेल, पण गरज नाही.

भास्कर पुन्हा आला नाही. दुपारी वरणभात खाल्ल्यावर मी अजून स्टुलाकडे बघतो. घरात आता स्टूल ठेवलेलं नाही, स्मिताने उचलून गॅलरीत नेलं. मी गॅलरीकडे बघतो.

वहिनी

अंगात ताकद आल्यावर मी गावाला गेलो. या वेळी काकांना खरं सांगून. स्मिता बरोबर होती. भास्करची बायको, आमची वहिनी, खळ्यात तांदूळ पाखडत होती. बसायला चटई दिली, चहा केला. तिचा मुलगा, ज्याने बापाचा करगोटा कापला, तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. माझ्यासारखाच त्यालाही तो आवाज आयुष्यभर ऐकू येणार, हे मला त्याच्याकडे बघून कळलं. 

मी येताना गाडीत बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. त्याच्या डागामुळे मी वाचलो, गवतवाली बाई वाचली, असं सांगायचं. म्हटलं, तिला बरं वाटेल. मी बोललो. ती पाखडत राहिली. सूप वर जायचं, खाली यायचं.

मग तिने सूप खाली ठेवलं.

"माका कोणी दाखवल्यानी नाय," ती म्हणाली. "आंघोळ पुरुषांनी घातली. मी नुसता ऐकलंय, डाग, डाग. तुमचो हा अजून?"

"आहे थोडा."

"दाखवा बघूया."

मला आयुष्यात प्रत्येक प्रसंगाला काहीतरी गमतीचं बोलता येतं. मी स्मिताकडे बघितलं. ती मान खाली घालून बसली होती. मी उठलो, शर्ट वर केला, नवा काळा करगोटा बोटाने बाजूला केला.

वहिनी जवळ आली. डोळ्यांना कमी दिसतं तिला, म्हणून वाकून बघत होती. खपली केव्हाच गेली होती. कातडीवर नखाएवढा फिकट गोल राहिला होता. तिने हात लावला नाही. बराच वेळ बघितलं, आधी मधोमध, मग कडेकडेने, जणू उरलेलं कुठेतरी आजूबाजूला असेल.

"एवढोच?" तिने विचारलं.

"एवढाच," मी म्हटलं, आणि शर्ट खाली घेतला.